दोन रॅकेटी, एकतीस लेकरं: फळीनं चेंडू मारायला शिकवायचं कसं?

बालाघाटची_बाई

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून बरीच वर्षं काढली, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट ३१. शिक्षक आम्ही दोघंच, त्यामुळे खेळाचा तासही मीच घेते. माझी स्वतःची क्रीडा कारकीर्द म्हणजे कॉलेजात खो-खोच्या टीमच्या पिशव्या सांभाळल्या, एवढीच.

लेकरं पळण्यात आणि खो-खोत कुणाला ऐकत नाहीत. चेंडू झेलतातही बऱ्यापैकी. पण हातात काहीतरी धरून चेंडू मारायचा म्हटलं की सगळा आनंद. शाळेत बॅडमिंटनच्या दोन रॅकेटी आहेत, त्यातल्या एकीची जाळी सुटलेली. मागच्या शनिवारी रांग लावली. ३५ मिनिटांचा तास, सोळा जोड्या, म्हणजे जोडीला दोन मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट शटल पत्र्यावरून काढण्यात. चार-पाच पोरं क्रिकेट खेळतात, ती डोळे मिटून घुमवतात. बाकीच्यांची रॅकेट शटल खाली पडल्यावर फिरते. तिसरीतल्या एका मुलीनं अकरा वेळा मारलं, अकराही वेळा हुकलं. तिनं रॅकेट हळूच खाली ठेवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. काल तास सुरू व्हायच्या आधीच मला म्हणते, “बाई, मी चपला राखत बसते.”

तेव्हापासून डोक्यातून जाईना. मला कुणाला तालुक्याला न्यायचं नाही. एकतीसच्या एकतीस लेकरांना मारता यावं, एवढंच. सुरुवात कुठून करू? कशानं करू? मैदान मुरमाचं, वर वारं.

---

मैदानी

मॅडम, मी लातूरकडे माध्यमिकला शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे पाचवीत येणाऱ्या निम्म्या लेकरांची हीच गत असते, तेव्हा मन खाऊ नका.

आठ वर्षांच्या लेकराला आपला तळहात कुठंय हे न बघता कळतं. फुगा फेका, बरोबर चापट बसते. त्याच हातात रॅकेट दिली की मारायची जागा हातापासून दीड-दोन फूट लांब जाते (नियमात रॅकेटची लांबी ६८ सेंटिमीटरपर्यंत असते), आणि तिथं काय चाललंय याचा त्याच्या मेंदूला अजून पत्ताच नसतो. त्यात शटल मारल्यावर सुसाट जातं आणि मग एकदम खाली बसतं. त्याचा अंदाज घ्यायला मोठ्यांनाही महिना लागतो. तुमच्या त्या मुलीला एकदम वरच्या यत्तेचा पेपर दिला गेला, बाकी काही नाही.

म्हणून क्रम असा धरा: आधी तळहात, मग हातात घातलेली चप्पल, मग बुटक्या दांड्याची हलकी फळी. रॅकेट सगळ्यात शेवटी, आणि यंदा नाही आली तरी चालतंय. मारायची वस्तू मोठी, हलकी आणि रेंगाळणारी हवी. पहिल्या आठवड्याला फुगे आणा. प्रत्येकाला एक. जमिनीला लागू द्यायचा नाही, एवढाच खेळ.

आणि रांग आजपासून बंद. रांगेत उभं राहून लेकरू फक्त उभं राहायला शिकतं.

---

दांडूवाले_आप्पा

निवृत्त शिक्षक, मुक्काम अंबाजोगाई. ही फळी न् बिळी आत्ता आली. आमची पिढी विटीदांडूवर मोठी झाली. विटी टोला मारून उडवायची आणि हवेतल्या हवेत दुसरा टोला. बोटभर लाकूड, हातभर दांडू. नजर आपोआप तयार होते. वकट, लेंड, मूंड करत सांज व्हायची, कुणी शिकवलं नाही. मॅडमनी सुताराकडून दांडू करून घ्यावेत, झालं काम.

---

मैदानी

आप्पा, दंडवत. विटीदांडूएवढा अवघड टोला जगातल्या कमी खेळांत असेल. पण गल्लीत विटीदांडू खेळणाऱ्या वीस पोरांतली चार-पाच तरबेज, आणि बाकीची विटी आणायला पळणारी, हे तुम्हीही पाहिलं असेल. ज्याला येत होतं त्याचं आणखी सुधारलं. आणि एकतीस लेकरांत एकाच वेळी टोकदार विट्या उडवायच्या म्हणजे कुणाच्या तरी डोळ्याशी गाठ. सहावी-सातवीला जरूर शिकवा, तिसरीला नको.

---

दांडूवाले_आप्पा

डोळ्याचं मान्य. आमच्या वर्गात एकाच्या भुवईवर अजून खूण आहे. (विटी माझी होती.)

---

नवा_पैसा

एवढा ऊहापोह कामून? परीक्षेचा पॅड घ्यायचा, वहीच्या कागदाचा बोळा करायचा, मधल्या सुट्टीत बडवायचा. आम्ही सगळे असंच शिकलो.

---

बालाघाटची_बाई

पॅडची आयडिया चोरतेय, धन्यवाद. पण “आम्ही सगळे” म्हणजे कोण? तुमच्या वर्गातल्या मुली तेव्हा काय करत होत्या ते आठवून सांगा. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत सात पोरं बडवतात आणि चोवीस लेकरं भिंतीला टेकून बघतात. मला त्या चोवीस जणांचं पडलंय.

---

नवा_पैसा

… डबा खात होत्या बहुतेक. बरोबर आहे तुमचं.

---

रंदा

आमचं नांदेडला फर्निचरचं दुकान आहे, तर फळीचं मी सांगतो. सुताराकडे ६ मिलिमीटर प्लायचे कटपीस पडलेले असतात, बहुतेक चुलीत जातात. विचारलं तर फुकट नाहीतर चहावर मिळतील. ताटली पालथी ठेवून अठरा सेंटिमीटरचा गोल आखायचा, त्यालाच लागून लेकराच्या मुठीत मावेल एवढा, नऊ-दहा सेंटिमीटरचा दांडा. एकसंध कापायचं, दांडा वेगळा ठोकायचा नाही. ठोकलेला दांडा चौथ्या दिवशी उडून कुणाला तरी लागतो. कड पॉलिश पेपरनं मारून घ्या, प्लायची कुसळं वाईट. दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, घामानं सटकत नाही. शेवटाला भोक पाडून नाडी ओवा, ती मनगटात अडकवायची.

वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतं. १२ मिलिमीटरची घेऊ नका. दुकानदार “टिकाऊ” म्हणून तीच गळ्यात मारेल, आणि दुप्पट वजनानं लेकराचं मनगट लोळतं. पॅड वापरणार असाल तर वरची लोखंडी क्लिप आधी काढा. आमच्या पोराचं नख गेलंय त्या क्लिपनं.

---

शहागंज

वाचनखूण साठवली. संभाजीनगरला राहतो, मुलगा सात वर्षांचा, टेनिसच्या क्लासला जातो. पहिल्या दिवशी लाल ठिपक्याचे फुसके चेंडू बघून मला वाटलं, पैसे घेऊन खेळणी दिलीत. नंतर कळलं की आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचीच पद्धत आहे. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा ७५ टक्के संथ, नारंगी ५० आणि हिरवा २५. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू २०१२पासून बंदच केला त्यांनी. जगातले मोठमोठे कोच लेकरांसाठी चेंडू हळू करतात आणि आपण हातात लेदर देतो.

अवांतर: टेबल टेनिसचा चेंडूही २०००मध्ये ३८ मिलिमीटरचा ४० केला, खेळ जरा संथ व्हावा आणि बघणाऱ्यांना चेंडू दिसावा म्हणून. तिथं तर मोठी माणसं खेळतात!

---

बालाघाटची_बाई

मंडळी, फुगापुराण ऐका.

शनिवारी एकतीस फुगे फुगवून नेले (सोळा मी, पंधरा सरांनी, दोघांचेही गाल दुखतायत). पहिली पाच मिनिटं स्वर्ग. चपला राखणारी मुलगी दोन्ही हातांनी फुगा उडवत होती आणि मोजत होती. मग वारं आलं. अर्धे फुगे बांधाकडे, लेकरं मागं. उरलेले सराट्यांवर आणि बाभळीच्या काट्यांवर. एकोणिसाव्या मिनिटाला एकही शिल्लक नाही. फटाफटा आवाज ऐकून शेजारच्या शेतातले आजोबा “कुणाचं लगीन हाय?” विचारत आले.

पण एक दिसलं. त्या पाच मिनिटांत एकेकाचे चाळीस-पन्नास फटके झाले असतील. रांगेत सगळ्या तासात मिळून दहा होत नव्हते.

वर्गात फुगा चालेल, पण मैदानावर काय वापरू?

---

सीमेवरचा

देगलूरकडचा आहे, अर्धं नातं तेलंगणात. आमच्या मामांच्या गावात बॉल बॅडमिंटन खेळतात, त्यात शटल नसतं, पिवळ्या लोकरीचा चेंडू असतो. मूळ तंजावरचा खेळ, एका बाजूला पाच जण, उघड्यावरच खेळतात. चेंडू २७ ते ३० ग्रॅमचा, म्हणून वाऱ्यात शटलसारखा भरकटत नाही. (आपल्या पुण्यानं बॅडमिंटनला १८७०च्या दशकात नियम दिले, त्या खेळाला ‘पूना’च म्हणायचे. पण वाऱ्याचं उत्तर दक्षिणेनं काढलं, हे माझं मत.)

तो घट्ट चेंडू लेकरांना लागेल. तुम्ही लोकरीचा झुबकेदार गोंडा करा. काट्यावर फुटत नाही, मुरमावर घरंगळत नाही, कपाळावर बसला तरी लेकरू हसतंय.

---

मैदानी

सीमेवरचे साहेब, तोडलंत! मुरमावर टप्पा कुठंही उडतो, त्यामुळे टप्प्याचे खेळ मैदानावर घ्यायचेच नाहीत. गोंड्याला टप्पाच नसल्यानं तो प्रश्न मिटला. टप्पा शिकवायला शाळेचा ओटा किंवा व्हरांडा वापरा, रबरी चेंडू घेऊन.

आता मॅडम, फळ्या झाल्या, गोंडे झाले असं धरून पुढचं लिहितो. जरा लांबेल.

आधी फळी धरणं. फळी उभी धरून तिच्याशी हात मिळवायला सांगा, मूठ बरोबर बसते. बरीच लेकरं तर्जनी लांब करून फळीवर टेकवतात, ती खाली घ्यायला लावा. मग पहिला खेळ, आम्ही त्याला ‘पाखडण’ म्हणतो. फळीवर गोंडा ठेवायचा आणि आई सुपात दाणे पाखडते तसं वीतभर उडवून परत फळीवर घ्यायचा. सुपातला दाणा अंगणात गेला तर आई ओरडते, इथंही तसंच. हे शब्द वापरा, कारण “मनगट सैल ठेवा, जोर कमी करा” म्हटलेलं तिसरीला कळत नाही, सूप कळतं. दहा झाले की फळी पालथी करून. मग एकदा उताणी, एकदा पालथी. क्रिकेटवाली पोरं इथं सगळ्यात आधी हुकतील. त्यांना हळू मारणं माहीतच नसतं, आणि बाकीच्यांना ते बघून फार बरं वाटतं.

दुसरं, लिंबाच्या फांदीला सुतळीनं चिंध्या भरलेले मोजे टांगा, कमरेच्या जरा वर. लेकरू समोर तोंड करून उभं राहतं आणि कुऱ्हाडीसारखं वरून खाली हाणतं. सगळीच लेकरं आधी असंच हाणतात, ती वाढीची पायरी आहे, रागवू नका. टांगलेला मोजा वरून हाणून पुढं जातच नाही, त्यामुळे ती आपोआप आडवं मारू लागतात. मग तीन शब्द: कूस, पाऊल, दार. कूस चेंडूकडं वळवायची, त्याच बाजूचं पाऊल पुढं टाकायचं, आणि हात दारासारखा उघडायचा. उजव्या हाताच्या लेकराची डावी कूस. उजवा हात न् उजवाच पाय पुढं येत असेल तर डाव्या पायाच्या जागी चुन्यानं पाऊल काढून ठेवा. शब्दांपेक्षा ते पाऊल लवकर शिकवतं.

दाखवताना लेकरांकडं पाठ करून दाखवा. तोंड करून दाखवलं की अर्धी उलट्या हातानं उभी राहतात. पण खरी डावखुरी असतील त्यांना त्यांच्याच हातानं खेळू द्या. घरी ताटावर हात बदलायला लावतात, निदान मैदानावर तरी नको.

खेळ म्हणून सगळ्यात रंगतो तो ‘अंगण झाडणं’. मधे गुडघ्याएवढी दोरी, दोन्हीकडं निम्मी निम्मी लेकरं, आणि गोंडे सगळीकडं पसरलेले. शिट्टी झाली की आपल्या अंगणातला गोंडा उचलायचा, हातानं सोडायचा आणि फळीनं पलीकडं मारायचा. हातानं फेकला तर तो परत आणायचा. मिनिटानं शिट्टी, ज्याच्या अंगणात कमी कचरा तो गट सरस. कुणी बाद नाही. ‘हुकलास की बाहेर’वाले खेळ या वयात घेऊच नयेत. पहिल्या फटक्याला बाहेर जातं तेच लेकरू, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते.

एक कडक नियम मात्र लावा: “फळी भुईला” म्हटलं की त्या क्षणी फळी खाली, हातात एकही दिसता कामा नये. पहिले दोन तास नुसता हाच सराव झाला तरी हरकत नाही. आणि दोघांत फळीसकट दोन हातांचं अंतर.

---

शहागंज

सर, एक शंका. स्पर्धा नसेल तर पोरं कंटाळत नाहीत का? आमच्याकडं “कोण जिंकलं?” हाच पहिला प्रश्न.

---

मैदानी

आकड्याशी स्पर्धा लावा. दोघं समोरासमोर, दोरीवरून गोंडा जाऊ-येऊ द्यायचा, तुटेपर्यंत मोजायचं. कालचे सहा होते, आज सात होतात का? इथं समोरच्याला सोप्पं द्यावं लागतं, नाहीतर आपलाच आकडा तुटतो. घुमवणारं पोरगं दोन मिनिटांत नरम होतंय.

---

बालाघाटची_बाई

उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. पोळा, गौरी-गणपती, १७ सप्टेंबरची मुक्तिसंग्राम दिनाची तयारी, त्यात दोनदा बैठका. झालं ते सांगते.

फळ्या २२ झाल्या. गावातल्या सुतारकाकांनी कटपीस दिले, ट्यूब पंक्चरवाल्याकडून. उरलेल्या लेकरांना पॅड, क्लिपा काढून. खेळाच्या साहित्याचं अनुदान समग्र शिक्षातून प्राथमिक शाळेला ५,००० रुपये असतं, पण ते येतं तेव्हा येतं. आमच्याकडं मागच्या खेपेला आलेल्या संचात मोठ्या माणसाच्या मापाची क्रिकेट बॅट होती. तिनं सध्या आम्ही दार अडवतो.

लोकर आयांनी दिली. प्रत्येक घरात तोरणाची उरलेली लोकर असतेच, आणि गोंडा करणं आज्यांच्या हातचा मळ. एका आजीनं पाच रंगांचा करून पाठवला, त्यावरून वर्गात भांडण झालं, तो आता दर शनिवारी नव्या लेकराला मिळतो.

सुपाची युक्ती लागू पडली. मी “पाखडा” म्हटलं आणि मुलींचे हात आपोआप हलके झाले. मुलगे मात्र गोंडे कौलावर. एक जण तर हिरमुसून म्हणाला, “हे बायकांचं काम हाय.” त्याला चपला राखणाऱ्या मुलीशेजारी उभं केलं. तिचे सलग ३४ झाले, त्याचे तीन. दुसऱ्या दिवशी तो घरून सूप घेऊन आला! आई दिवसभर शोधत होती.

कूस-पाऊल-दार अजून सगळ्यांना जमत नाही. सात-आठ जण अजून कुऱ्हाडच चालवतात, आणि चालत्या चेंडूला तर बरेच जण पुन्हा पहिल्यासारखं हाणतात. टांगलेल्या मोज्यावर जमतं, समोरून आलं की विसरतात. हे असंच असतं का?

आणि एक. दसऱ्यानंतर पाच लेकरं आईबापासोबत उसाला जातील. दोघांना इथंच आजीकडं ठेवून हंगामी वसतिगृहात जेवायला घालायचं ठरवलंय, बाकी तिघांचं नक्की नाही. त्यातल्या एकानं विचारलं, “बाई, फळी नेऊ का फडावर?” शाळेच्या दप्तरी नोंद असलेली वस्तू नव्हे, म्हणून हो म्हटलं. दोन गोंडे बरोबर दिलेत.

---

मैदानी

असंच असतं. थांबलेल्या चेंडूवर आलेलं हलत्यावर गेलं की महिनाभर मागं जातं. मधली पायरी घाला: मोज्याला हलका झोका देऊन मारू द्या. आणि समोरून टाकताना तुम्ही स्वतः टाका, खालून, एकाच उंचीवर. लेकरानं लेकराला टाकलेला चेंडू दोनदा सारखा येत नाही.

---

दांडूवाले_आप्पा

मॅडम, फडावर जाणाऱ्या लेकराला दोन फळ्या द्या हो. एकट्यानं काय पाखडायचं.

---

बालाघाटची_बाई

आप्पा, दिली दुसरी.

---

मांजरा_काठ

आजच धागा सापडला, सगळा वाचून काढला. आमच्याकडं दुसरीचा वर्ग आहे. गोंडा कसा करायचा कुणी नीट सांगेल का? मी केलेला तिसऱ्या फटक्याला उलगडला आणि वर्गभर लोकर.

---

बालाघाटची_बाई

आमच्या आज्यांना विचारून लिहितेय. लोकर पुठ्ठ्याला नको, स्वतःच्या चार बोटांना गुंडाळा, दीडशे-एक वेढे. ढिले, बोटं निळी पडू देऊ नका. अलगद काढून बरोबर मधे पोत्याच्या शिलाईचा दोरा आवळा, लोकरीनंच बांधलं की तुमच्यासारखं होतं. दोनदा गाठ, आवळताना दुसऱ्या कुणाला बोट ठेवायला सांगा. मग दोन्हीकडचे वेढे कात्रीनं कापा आणि गोल छाटा. छाटताना लहान लहान होत जातो, तिथं हात आवरा. माझा पहिला गोंडा बोराएवढा झाला होता.